शेडमधली सही

पीएच.डी.ची पाच वर्षं मी लॅबमध्ये काढली आणि शेवटची सही मागायला मात्र मला हौशी लोकांच्या एका रेल्वे-शेडमध्ये जावं लागलं. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली, पेनसिल्व्हेनियातली गोष्ट. माझ्या गाईडनी शुक्रवारी सही द्यायचं कबूल केलं होतं. शुक्रवारी मी गेले तर केबिनला कुलूप. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "विसरले असतील. उद्या शनिवार, म्हणजे ते त्यांच्या त्या हौशी लोकांच्या जुन्या रेल्वेवर. आणि रविवारी विमान." रविवारी ते चार महिन्यांसाठी जर्मनीला निघणार होते. सोमवारी दुपारपर्यंत थीसिस ऑफिसात गेला नाही तर माझी डिग्री डिसेंबरवर जाणार होती, आणि ऑगस्टपासून लागलेली शिकवायची नोकरी होती डिग्रीच्या अटीवर. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. "थोडक्यात राहिलं" असं पत्र मी कोणत्या तोंडानं लिहिणार होते?

माझ्याकडे कार नव्हती, नागपूरच्या एका मित्राकडे होती. "चला डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "तुमची पदवी घेऊन येऊ."

दीड तास ड्राइव्ह करून आम्ही डोंगरातल्या एका स्टेशनात पोचलो. स्टेशन कसलं, नुकतं रंगवलेलं खेळणंच. खिडकीत जुन्या काळातली टोपी घातलेल्या एक आजी तिकिटं देत होत्या. मी म्हटलं, तिकीट नको, मला प्रोफेसर हवेत. "गाडीत बसायचं नाही? मग इतक्या लांब आलीस कशाला?" त्या मनापासून दुखावल्या. ही बाई, पोर्टर, गार्ड, सगळे बिनपगारी, हौसेनं आलेले.

मित्र तर हरखूनच गेला. "अगं, स्टीम इंजिन यार! खरंखुरं!"

"का, नागपूरला कधी बघितलं नाहीस? आपल्याकडे अजून रोज धावतात. डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन चार वर्षं सांगलीला कॉलेजला गेलेय मी."

"तिथं इंजिन कोण बघतं? तिथं सीट पकडायची असते."

गाईड शेडमध्ये सापडले, म्हणजे त्यांचे बूट सापडले. बाकीचे ते इंजिनाखाली पाठीवर आडवे होते. बाजूला शेडचा मुख्य उभा, एक रिटायर्ड प्लंबर. तो ओरडत होता, "याला पुसणं म्हणतात? परत कर!" आणि खालून आवाज आला, "येस सर." ज्या माणसाची पावलं वाजली की आमचं अख्खं डिपार्टमेंट चिडीचूप व्हायचं, तो माणूस! पाच वर्षांत मी त्यांना कुणाला सर म्हणताना ऐकलं नव्हतं. पण इथं ते सगळ्यांत नवे, आणि नव्या माणसानं फक्त पुसायचं.

माझे वडील सूतगिरणीत यंत्रांना तेल घालायचे. घरी आले की रॉकेल नि साबणानं हात घासल्याशिवाय माझ्या पुस्तकाला बोट लावत नसत. आणि हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी, फुकटात, आनंदानं काळे होत होते. मला राग का येतोय, हे त्यांना सांगूनही कळलं नसतं.

ते बाहेर आले. कोपरापर्यंत वंगण. थीसिसच्या तीन प्रतींसाठी सहीची तीन पानं मी पुढं केली. जाड कागद, काळी शाई, आणि डाग पडला तर ऑफिस पान घेत नाही.

"आत्ता नाही. हात बघ माझे. चारच्या फेरीनंतर."

"मग हात धुवा ना."

"इंजिन तापलेलं असताना जागा सोडायची नाही. नियम आहे." मग आवाज खाली आणून, "शिवाय ते शेवटचं प्रकरण... वाचायचं राहिलंय."

तीन आठवडे ते प्रकरण त्यांच्या बॅगेत होतं. बॅग तिथंच खुंटीला लटकत होती.

माझा तोल गेला. "ही पितळी नळी तुम्ही आज किती वेळा पुसलीत? आणि माझी बावीस पानं एकदा वाचायला तीन आठवडे पुरले नाहीत? हे इंजिन पुढच्या शनिवारीही इथंच असेल. माझी नोकरी नसेल."

"मेलीस तू," मित्र मराठीत पुटपुटला.

प्लंबरनं माझ्याकडे पाहिलं, मग गाईडकडे. "बावीस पानं? जा, हात धू आणि वाच."

"पण आज मला पहिल्यांदाच वर इंजिनात उभं राहायला मिळणार होतं! तुम्हीच म्हणालात."

"दुसरा कुणीतरी चढेल. जा म्हटलं ना!"

गाईड गेले. बाजूच्या रुळावरच्या रिकाम्या डब्यात बसून वाचू लागले, हातात पेन्सिल. मी समोर बसले, उठलेच नाही. चौदाव्या पानावर ते थांबले. एका तक्त्यात दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. माझीच चूक, आणि पाच वेळा वाचूनही सुटलेली. इतकी चिडले मी, की ती चूक पण त्यांनीच केली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

"हे दुरुस्त करून आण, मग सही."

"टाइपरायटर इथं नाही, आणि उद्या तुम्ही नाही."

त्यांनी पेन्सिलनं त्या आकड्याभोवती गोल केला. "उद्या हे पान नवं टाइप करशील?"

"करेन."

त्यांनी तिन्ही पानांवर सावकाश सही केली.

तेवढ्यात शिट्टी झाली. गाईड पेन माझ्या हातात कोंबून धावले, पण चारची फेरी सुटली होती. इंजिनात दुसराच कुणी उभा राहून प्रवाशांना हात करत होता. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ते रुळाशेजारी उभे होते. आता चार महिने जर्मनी.

"बिचारा," मित्र म्हणाला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शाई वाळली का ते परत एकदा बघितलं, पानं फाइलमध्ये घातली आणि म्हटलं, "चल, घरी जाऊन चौदावं पान टाइप करायचंय."