दोन्ही कंपनी पेंट

चिंचवड स्टेशनच्या मागं गाड्या ठोकून-रंगवून देणारी जी गॅरेजं आहेत, तिथं कुणालाही विचारा, शेड मॅचिंग कुणाकडून करून घ्यावं. बरकतचंच नाव येणार. आठवीत त्यानं शाळा सोडली ती सोडली. त्याला लिहायला सांगा, घाम फुटतो. पण पांढऱ्या रंगाच्या अकरा जाती तो रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. गाडीच्या दारावर बोटानं टकटक केली की सांगतो, हा कंपनी पेंट, म्हणजे कारखान्यातून आली तेव्हाचा, आणि हा नंतर मारलेला. वाकडचा एखादा साहेब पार्किंगच्या खांबाला नवी गाडी घासून आणतो. बरकत ती अशी रंगवतो की कुठं घासली होती ते साहेबालाच सापडत नाही.

असल्या माणसाला मुलगी झाली. सादिका.

चार महिन्यांची असताना एका रविवारी तो तिला घेऊन गॅलरीत बसला होता. ऊन तिच्या तोंडावर आलं आणि बरकत खेळवता खेळवता थांबला. उजवा डोळा गडद तपकिरी. डावा दोन शेड फिका, मधासारखा. बायको रुबीना म्हणाली, उजेडाचा खेळ आहे. आई झुलेखा म्हणाली, सुरमा एका डोळ्यात जास्त गेला असंल. बरकतनं दोघींचंही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजातून शेड कार्ड घेऊन आला, रंगांच्या पट्ट्यांचा हा एवढा जुडगा, आणि एकेक पट्टी पोरीच्या डोळ्याशी धरून जुळवायला लागला.

“पोरगी आहे का बोनेट?” रुबीना म्हणाली.

पण मग तिनंही वाकून बघितलं. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या पट्ट्या लागत होत्या.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या गोजाबाईंचं म्हणणं, पोटुशी असताना रुबीनानं ग्रहण बघितलं असणार. रुबीना म्हणाली, तेव्हा मला माझ्या पायाची बोटं दिसत नव्हती, ग्रहण कुठून दिसतंय. मेडिकलवाल्यानं पोरीला न बघताच ड्रॉप काढून दिले. रुबीनानं ते थेट कचऱ्यात टाकले. बरकतनं मोबाईलवर शोधलं, तर तिसऱ्याच ओळीत असलं काहीतरी निघालं की त्यानं फोन उलटा ठेवून दिला.

गॅरेजात ज्योतीराम होता, पत्र्याचे पोचे काढणारा, धाराशिवकडचा, दहा वर्षांचा जोडीदार. सगळं ऐकून तो म्हणला, मग डाव्याला अजून एक कोट मार की राव. एरवी बरकत खिदळला असता. तो हसला नाही, तेव्हा ज्योतीरामनं हातोडा खाली ठेवला.

बरकतच्या डोक्यात काय होतं ते त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. पोटात पोर असताना रुबीना रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि तो फवारा मारत असला की शेजारी उभी राहायची. त्याचे कपडेही तीच हातानं धुवायची, थिनरच्या वासासकट. आणि थिनर कशाला असतो? रंग पातळ करायला, नाहीतर उतरवायला. पोरीच्या एका डोळ्याचा रंग आपणच उतरवला, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. घरी आला की दोन-दोनदा अंघोळ करायचा, तरी तिला छातीशी धरायचा नाही. ती हात पसरायची आणि हा टॉवेल शोधत फिरायचा.

हे त्यानं ज्योतीरामला सांगून टाकलं.

“भावा, मला पोचे काढता येतात, डोळ्यातलं कळत नाही,” ज्योतीराम म्हणला. “तुलाही कळत नाही. उद्या डॉक्टरकडं जा. इथं दिसलास तर कुलूप लावून टाकीन.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला, थेंब टाकले, बाहेर बसवलं, परत आत घेतलं. सादिकानं रडून अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. असल्या डोळ्यांबरोबर कधी कधी ऐकूही कमी येतं, म्हणून बाईंनी तिच्या मागं किल्ल्या वाजवून कानही तपासले. रडता रडता पोरीनं मान वळवली. बाई लिहायला लागल्या तेव्हा बरकतला राहवलं नाही.

“मॅडम, मी गाड्या रंगवतो. ही पोटात असताना हिच्या आईच्या नाकात थिनरचा वास जायचा. रंग मी उतरवला का?”

रुबीनानं वळून त्याच्याकडं बघितलं. बाईंचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, वासानं असं होत नाही. रंग ती जन्मापासून घेऊन आलीय, काही पोरांचे डोळे दोन रंगांचे असतात. आतून सगळं स्वच्छ आहे, दोन्ही डोळ्यांनी दिसतंय, सहा महिन्यांनी परत दाखवा. मात्र त्या वासापासून पोरीला लांबच ठेवायचं, छातीला वाईट.

बरकतला एवढ्यानं पुरलं नाही. “म्हणजे नंतर काही झालेलं नाही? दोन्ही कंपनी पेंट?”

बाईंना कळेना. रुबीनानं अर्थ सांगितला, तशा त्या एवढ्या हसल्या की बाहेरचा पेशंट आत डोकावला.

“दोन्ही कंपनी पेंट,” त्या म्हणाल्या.

रिक्षात बसल्या बसल्या बरकतनं पोरीला रुबीनाच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. तिनं त्याची कॉलर चघळायला घेतली.

“म्हणून तो टॉवेल होय,” रुबीना म्हणाली. “मला वाटलं, पोरीचा कंटाळा आला. वेडे आहात तुम्ही.” आणि ओढणीनं डोळे पुसत हसली.

गॅरेजपाशी त्यानं रिक्षा अलीकडंच थांबवली, वास येणार नाही अशा बेतानं, आणि बसस्टॉपच्या शेडखालून ज्योतीरामला हाक मारली. तो हात धुऊन पळत आला. वाकून बघितलं आणि म्हणला, मला तर सारखेच दिसतात.

“शेडखाली शेड कळतो का? उन्हात ये.”

बरकतनं पोरीला उन्हात नेलं. ज्योतीराम डोळे बारीक करून जवळ गेला, अजून जवळ गेला. सादिकानं त्या दोन रंगांच्या डोळ्यांनी त्याला नीट बघून घेतलं आणि त्याची मिशी पकडली. सोडेचना.

“लय भारी दिसतंय हिला,” ज्योतीराम वाकल्या वाकल्या म्हणला. “आता सोडव, राव.”

बरकत सोडवत नव्हता. तो हसत होता.