मोटारीच्या खिडकीतलं पिंप

पिंपाच्या तोंडाशी उलटा हात धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आली बगा काश्मीरची हवा!" ही त्यांची सवय. हवा आली असो की नसो. एकदा पिंपातून नुसता तापलेला फुफाटा बाहेर आला. समोर उभ्या बायका पदर तोंडाला लावून मागं सरल्या, तरी ते डोळे मिटूनच म्हणाले, "आली. जरा दमानं गार व्हईल."

ते आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांचे ड्रायव्हर. नाव लिहीत नाही. आधी हैदराबादला एका जहागीरदाराकडे होते. निजामाचं राज्य गेलं, जहागीर गेली, तशी ती मोटार वकीलसाहेबांनी घेतली आणि मोटारीबरोबर हेही तुळजापुरात आले. मागच्या डाव्या खिडकीला बाहेरून पत्र्याचं एक लांबट पिंप टांगलेलं होतं. आत वाळ्याची गादी, तळाला पाणी. आत बसलेल्यानं दोरी ओढली की गादी पाण्यात बुडून फिरायची. मोटार पळू लागली की वारा पिंपात शिरायचा आणि ओल्या वाळ्यातून गार होऊन माणसांच्या अंगावर यायचा. म्हणजे यायला पाहिजे होता.

पहिल्या उन्हाळ्यात आला तो वास. तळाचं पाणी कुजलं होतं. वकीलीणबाई नाकाला पदर लावून उतरल्या. "ड्रायव्हर, हे पिंप आहे की मोरी?"

"बाईसाहेब, सून सासरी रुळायला वरीस लागतंय. हे तर परमुलखातनं आलंय."

मग रोज दुपारी वकिलांच्या अंगणात पिंप उघडून बसायचे. कधी गादी उलटी बसवायचे, कधी दोरी बदलायचे. पण केलेलं बरोबर झालं की नाही हे कळणार कसं? उभ्या मोटारीला वारा नाही, आणि नुसतं बघायला म्हणून मोटार फिरवलेली वकीलसाहेबांना चालायची नाही. एके दिवशी ते आमच्या दाराशी आले आणि खाली बघत म्हणाले, "खळ्यावर वारं पडलं तर काय करता? सुपानं वारं घालता. तसं माज्या पिंपाला घाला की."

सासूबाई हसत सुटल्या. "आता मोटार पाखडायचीच राहिली होती, बाई!" पण सूप घेऊन उठल्या. त्यांच्या मागं दुसरं सूप घेऊन मी. परक्या पुरुषाच्या कामाला अंगणात उभं राहायचं म्हणून माझे कान तापले होते. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दिसलं असतं, त्या माणसानं एकदाही मान वर केली नाही. बोलायचं ते सुपांशी. "थोरलं सूप जरा डावीकडं. धाकटं सूप दमलं का? दमलं आसल तर ऱ्हाऊ द्या." धाकटं सूप म्हणजे मी. मला हसू यायचं, आणि हसू आलं याची पुन्हा लाज वाटायची.

एकदा आम्ही वारा घालत असताना वकीलीणबाई बघायला जवळ आल्या आणि पिंपातला गंजाचा लाल थेंब उडून त्यांच्या पांढऱ्या पातळावर पडला. डाग काही निघाला नाही. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पुन्हा एक डाग पडू दे, हे पिंप भंगारात जाईल."

त्या दिवशी ड्रायव्हरचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. मोटार वकिलांची झाली होती; जहागीरदाराकडचं त्यांना आपलं वाटावं असं उरलं होतं ते पिंपच. पुढं किती दिवस डांबर आणि चिंध्या घेऊन सांधे बुजवत होते. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "आता आतला थेंब बाहेर आला तर ड्रायव्हरकी सोडून म्हशी राखीन."

वैशाखात वकीलीणबाईंच्या भाच्याचा साखरपुडा सोलापूरला निघाला. त्यांनी सासूबाईंना आणि मला बरोबर घेतलं. मी लहान, म्हणून दोरी ओढायला खिडकीशी. सीटला वकीलीणबाईंनी स्वतः शिवलेली पांढरी खोळ. पुढं ड्रायव्हरशेजारी ओटीची पाटी, तिच्यात देवीचा नारळ आणि खण.

आणि त्या दिवशी खरंच गार हवा आली! घाट उतरताना वाळ्याचा वास मोटारभर झाला. सासूबाईंना डुलकी लागली. वकीलीणबाई म्हणाल्या, "जमलं हो ड्रायव्हर." त्यांनी नुसती टोपी सारखी केली. काश्मीर नाही, काही नाही. 

घाट संपला आणि माझ्या पोटात कळ आली. मला वाटलं, गार हवेनं असेल. मग कळलं. पाळीच्या दिवसांआधीच मी बाहेरची झाले होते. लुगड्याला लागलं होतं, खालच्या पांढऱ्या खोळीलाही लागलं असणार. अशा वेळी घरात आम्ही कोपऱ्यात वेगळ्या बसणार, पाण्याच्या घागरीलाही शिवणार नाही. आणि मी बसले होते वकीलीणबाईंच्या मांडीला मांडी लावून, पुढं देवीची ओटी. मी दोरी ओढत राहिले. दुसरं काय करावं ते सुचेना.

तामलवाडीला पाण्यासाठी मोटार थांबली. दोघी उतरून लिंबाच्या सावलीला गेल्या. सासूबाईंनी हाक मारली, "ए, उतर की! खिळे ठोकलेत का तुला?" मी मान हलवली. त्यांनी पुन्हा हाक मारली, आता जोरात. तेवढ्यात ड्रायव्हर पिंप भरायला बादली घेऊन खिडकीशी आले.

"वैनी, उतरून पाय मोकळे करा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हातही उचलवेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच. मग लगेच नजर पिंपाकडं नेली. सासूबाई मोटारीकडं यायला निघाल्या होत्या. ड्रायव्हरचा हात पिंपाच्या अडकणीकडं गेला. ती सहज निघणारी नव्हती. दोन्ही हातांनी हिसकावी लागली. पिंप आत कललं आणि त्यातलं सगळं गंजाचं लाल पाणी माझ्या मांडीवर, लुगड्यावर, सीटवर धो धो आलं.

"या अल्ला! फुटलं वो बाईसाब, फुटलं!" ते ओरडले.

वकीलीणबाई धावत आल्या. त्यांनी खोळीकडं पाहिलं. मग जे बोलल्या ते लिहवत नाही. वकिलांची मोटार, जहागीरदाराचा पोसलेला, फुकटचा डौल, असं सगळं निघालं. बसच्या वाटेकडं बघत बसलेली माणसं गोळा होऊन ऐकत होती. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणत होते, "माजीच चूक. वैनींना भिजवलं म्या. आशा वल्या कापडानं साखरपुड्याला कुटं न्यावं? कुनाच्या घरी थांबू द्या त्यांना."

सासूबाईंनी ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी मला पोचवलं. घरधनीण बाई मला बघूनच समजली. तिनं गोठ्याशेजारी घोंगडं टाकलं, आपलं जुनं लुगडं दिलं आणि काही विचारलं नाही. दिवसभर मी तिथं बसून होते. संध्याकाळी मोटार मला न्यायला आली तेव्हा सीटला गोणपाट होतं आणि खिडकी मोकळी होती. ओली खोळ धुऊन, पिळून, पुढच्या सीटखाली ठेवलेली होती. ती कुणी धुतली हे मी विचारलं नाही. तो विचार मनात आला की मला आजही बसल्या जागी जमिनीत जावंसं वाटतं.

पिंप भंगारात गेलं. आळीतल्या बायकांना विषय मिळाला. "काय ड्रायव्हर, काश्मीर वाहून गेलं म्हणे?"

"व्हय. पूर आला," ते म्हणायचे, आणि सगळ्यांबरोबर हसायचे. मी त्या हसण्यात नसायचे, पण घरात उठून जायचीही सोय नव्हती. नाही तर सासूबाई विचारायच्या, तुला काय झालं?

एकदा मी आडावर एकटी होते. ते मोटार पुसत होते. मी सगळा धीर गोळा करून म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही..."

"पत्रा जुना होता, वैनी," ते मोटारीकडं बघतच म्हणाले. "जुन्या पत्र्याचा काय भरवसा? तुमची घागर भरली."

घागर भरून वाहत होती. मी ती उचलली आणि आले.

पुढं उन्हाळ्यात मोटार आमच्या दारावरून जायची ती काचा खाली करून. मागं वकीलीणबाई पंख्यानं वारा घेत. ते समोर नजर लावून चालवायचे, आमचं दार आलं की मान जास्तच ताठ. परक्या पुरुषाची नजर दाराकडं वळली की बाईनं उठून आत जायचं; मला उंबऱ्यावरून उठायला लागू नये म्हणून ती मान. ते परत हैदराबादेकडं गेले, असं मला नंतर दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळलं.

ते कानावर यायच्या आधीच एका दुपारी मोटार आली तेव्हा त्यांच्या जागी दुसराच माणूस होता. तो प्रत्येक दारात डोकावत हळूहळू पुढं येत होता. मी तांदूळ निवडत होते. ताट तसंच ठेवून मी आत गेले.