अग्निकोटचा हद्दपार सेनापती

आमचे काका जन्मभर एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत आले. घरात त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. पंखा कुठला घ्यायचा हेसुद्धा काकू ठरवायची. पण सुट्टीच्या दुपारी बाहेरच्या खोलीतलं टेबल पुढे ओढलं, की काका अग्निकोटचे सम्राट व्हायचे.

हा खेळ त्यांनी आणि त्यांच्या दोस्ताने, शिंपीकाकांनी, तरुणपणी स्वतःच रचलेला. टेबलावर रंगवलेला नकाशा, फासे, आणि सैन्य म्हणून शिंप्याच्या दुकानातली उरलेली बटणं. कोटाची मोठी बटणं म्हणजे उडते सर्प. इतक्या वर्षांत अग्निकोटात दोन राजघराणी बुडाली, सरदारांची सभा आली न् भांडून मोडली, सर्पांना चारा कुणी घालायचा यावरून यादवी झाली. काका खड्या आवाजात फर्मानं काढत. हा आवाज दुकानात मालकासमोर का निघत नाही, असं काकू विचारायची.

एकदा सेनापती असलेल्या शिंपीकाकांनी बंड केलं, उत्तरेचे सगळे सर्प पळवले आणि सपशेल हरले. शिक्षा हद्दपारीची. नियम दोघांनीच केलेला: सम्राटाच्या तोंडून माफी मिळेपर्यंत हद्दपाराने उंबरठा ओलांडायचा नाही. शिंपीकाका दुपारभर जिन्यात बसून चहा पीत राहिले. पुढच्या खेपेला काकांनी हसत माफी दिली.

म्हातारपणी काकांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. काकू वारली, हे गेलं. मी पुतणी, हेही गेलं. अग्निकोट तेवढं राहिलं, आणि त्यातही ते बंडाचंच वर्ष. माफी मात्र पुसली गेली. शिंपीकाका आले की काका दार अडवून उभे राहायचे.

"फितुराला आत जागा नाही."

शिंपीकाका आधी हसले आणि जिन्यात बसले. मग येत राहिले, बसत राहिले, गुडघे धरून परत जात राहिले. अहो, हा खेळ आहे, असं मी काकांना समजावलं, तर त्यांनी मलाच हेर ठरवलं. मला दोघांचाही राग यायचा. शिंपीकाकांना दुसरं काही नको होतं, फक्त दोस्तासमोर त्या टेबलाशी बसायचं होतं.

शेवटी शिंपीकाकांनी मिशी काढली, चष्मा खिशात टाकला आणि डोंगरापलीकडच्या राजाचा दूत म्हणून दार वाजवलं. काकांनी उठून खुर्ची दिली, मला चहा टाकायला सांगितलं. दोघांनी सीमेवरून मनसोक्त वाद घातला. मग काकांनी हातातले फासे बाजूला ठेवले.

"आमचा एक सेनापती तुमच्या मुलखात आलाय का हो? आम्हीच त्याला घालवलं."

"माफ करायचं होतं त्याला, महाराज."

"करायचंच आहे. पण तो समोर तर यायला हवा. मी रोज दाराकडे बघतो. तो येतच नाही."

शिंपीकाकांना राहवलं नाही. त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. त्याच्या काचा काकांनीच घासलेल्या.

"अरे, मीच तो," ते म्हणाले. "बघ ना नीट."

काकांनी नीट पाहिलं. आत्ताच बोललेली माफी डोक्यातून गेली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. याला आत कुणी घेतलं, असं त्यांनी मला विचारलं. मी शिंपीकाकांना खालपर्यंत सोडून आले. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या सुट्टीला ते पुन्हा दूत होऊन आले. चष्म्याशिवाय त्यांना पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून मी हात धरून वर आणलं. काकांनी खुर्ची दिली आणि पुन्हा सेनापतीची चौकशी केली.

"भेटला तर सांगतो, महाराज," शिंपीकाका म्हणाले.