वाणातला कॅमेरा

कॅमेरा बंद पडला तेव्हा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. बायकोच्या चुलत बहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलामुलीनं अंगठ्या हातात घेतल्या, सगळे माझ्याकडे बघून हसले, मी बटण दाबलं आणि आत काहीतरी खाटकन अडकलं. पडद्यावर एरर आली. बॅटरी काढून घातली, लेन्स काढून लावली, काही उपयोग झाला नाही. माझे सासरे त्या मुलाला म्हणाले, “थांबा, अंगठी नका घालू अजून.” तो बिचारा अंगठी धरून तसाच उभा राहिला. शेवटी कोणाच्या तरी मोबाईलवर ते उरकलं. परतताना गाडीवर बायको एक शब्द बोलली नाही, आणि मी हेल्मेटच्या आत शीळ घालत होतो.

हा कॅमेरा मला सासऱ्यांनी धोंड्यात दिला होता. अधिक महिना आला की लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि ताटभर अनारशांबरोबर जावयाला वाण देतात. लोकांच्या जावयांना चांदीचा दिवा मिळतो, फार तर अंगठी. मला दिव्याबरोबर हा काळा धोंडा मिळाला. मी मागितला नव्हता. हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस मी. सुट्टीच्या दिवशी मला झोप हवी असते, छंद नको असतो.

सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, कळमेश्वरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिलेली वस्तू कोणाच्या हातात आहे, ती नीट चालते का आणि तिचं काम होतंय की नाही, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, पण स्टोअर काही सुटलं नाही. कॅमेरा त्यांनी मला भेट दिला असं सगळे समजत होते. माझ्या मते त्यांनी तो मला इश्यू केला होता.

तेव्हापासून मी त्या घरचा फोटोग्राफर झालो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोन यायचा, “जवाईबापू, सकाळी लवकर निघा. अन् ते आणजा.” ते म्हणजे कॅमेरा. नातीला आणा असं सांगायचं एखाद वेळी राहून जायचं, ते आणा हे कधीच राहिलं नाही. लग्नं काढली, बारशी काढली, तेरव्या काढल्या. वावरात बोअरला पाणी लागलं, ते काढलं. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, आणि हेडलाइट नीट आले नाहीत म्हणून दुसऱ्या रविवारी पुन्हा जाऊन काढले. पंगत बसली की मी ताटांमधून वाकून फिरायचो. “आधी घास भरवतानाचे होऊ द्या, मंग तुमी बसा,” असं मामाजी म्हणत. मी बसायचो तेव्हा वडा-भात गार झालेला असायचा आणि वाढणाऱ्या बायका स्वतः जेवायला बसलेल्या असायच्या.

एकदा माझ्या मुलीनं आजोळचे सगळे अल्बम काढले. मांडी घालून बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, “बाबा, तुम्ही आजोबांकडे येत नव्हते का?”

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. मुलीवर नाही, त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांवर. इतक्या वर्षांत त्यांतल्या एकालाही वाटलं नव्हतं की चला, एक फोटो यांचाही काढू. मामाजींच्या घरच्या अल्बममध्ये त्यांचा ट्रॅक्टर होता, जावई नव्हता.

म्हणून कॅमेरा बंद पडला तेव्हा मला आनंद झाला. बायकोच्या समाधानासाठी मी तो बर्डीवरच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. ‘आता यात काही राहिलं नाही’ एवढं एक वाक्य ऐकायला मी गेलो होतो. तो गुटखा गालात धरून, कॅमेरा कानाशी हलवून म्हणाला, “शटर गेलं. लेन्समधी बुरशी हाये. होऊन जाते ना भाऊ, टेन्शन नका घेऊ.”

“जुना मॉडेल आहे. पार्ट मिळणार नाही ना?”

“भेटते. दिल्लीवरून मागवतो.”

“पुन्हा बंद पडेल.”

“नाही पडत. मी गॅरंटी देतो.”

त्याचा उत्साह माझ्या डोक्यात गेला. शहरात एवढी दुकानं, त्यात मला नेमका हा प्रामाणिक माणूस भेटावा. मी कॅमेरा त्याच्या हातातून घेतला आणि दोन दुकानं सोडून एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीनं कॅमेऱ्याला हातही लावला नाही. “सर, याला रिपेअर करून काही मतलब नाही. एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन घ्या.” हे वाक्य मला आवडलं, पण अर्धंच. जुना जावा हे खरं, त्या जागी नवा यावा असं मी कुठे म्हणत होतो?

घरी येऊन बायकोला दोन्ही सांगितलं. एक्स्चेंज म्हटल्याबरोबर ती उखडली. “वाणाची वस्तू मोडीत घालता? बाबाले समजलं तर काय वाटन त्याईले?”

“मग काय करू?”

“दुरुस्त करा. तो माणूस ‘होते’ म्हणून राहिला ना?”

“नाही करायचा मले.”

मग मी सगळं बोलून टाकलं. दुरुस्तही करणार नाही आणि नवाही घेणार नाही. कपाटात पडून राहू दे. “मले तुया घरी जवाई म्हणून यायचं हाये, फोटोवाला म्हणून नाही.”

“तुमाले फरक काय पडते? जेवाले तर दोन्हीत भेटते,” ती म्हणाली आणि आत गेली. तिचं बोलणं मला झोंबलं. तिच्या बापाचा हेका तिच्यात पुरेपूर उतरलाय, हे मी त्या दिवशी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस कामापुरतंच बोलणं चाललं.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि आमचं धोंड्याचं जेवण नवतप्यात, सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. कळमेश्वरला पोचलो तोवर गाडीची सीट तव्यागत तापली होती. मी मोकळ्या हातानं आत शिरलो. मामाजींनी आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग पाठीकडे, मग तोंडाकडे. मग ‘या’ म्हणून आत वळले. मला वाटलं, जमलं.

पाट मांडले होते, रांगोळी होती. सासूबाईंनी पाणी घातलं, मामाजींनी माझे पाय धुतले. वर्षभर ज्याला उन्हात उभं करायचं त्याचे पाय एक दिवस धुवायचे, या रीतीची मला त्या क्षणी चीड आली. पण मी मान खाली घालून बसलो. ओवाळणं झालं. मग वाणाचं ताट आलं. अनारसे, वर दिवा, आणि शेजारी लाल कापडाखाली एक खोका.

कापड काढायच्या आधीच मला कळलं होतं. नवा कॅमेरा. आणि नुसता खोक्यात बंद नाही. मामाजींनी तो उघडून, पट्टा लावून, बॅटरी चार्ज करून ठेवला होता. “उचला अन् सुरू करा,” ते म्हणाले. “धोंडे गरम हायेत तवर वाढतानाचे येऊन जातीन.”

पाय अजून ओले होते माझे. पाच मिनिटंसुद्धा त्यांना मला पाटावर बसू द्यायचं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खोका उचलला आणि ताटातून काढून खाली फरशीवर ठेवला.

“अनारसे घेतो, दिवा घेतो. हे नको मामाजी.”

सासूबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. “वाण परत नाही करत जी कोणी,” त्या हळूच म्हणाल्या.

“काहून?” मामाजींनी मला विचारलं.

“मले फोटो नाही काढायचे.”

त्यांना हे खरंच समजलं नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते गोंधळून माझ्याकडे बघत होते आणि मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “मंग इथं येऊन तुमी करता काय?”

साळा मोबाईलमध्ये बघत होता, त्याची बायको माझ्या मुलीचे केस उगाच सारखे करत होती. इतक्या वर्षांचं तयार भांडण डोक्यात होतं आणि त्यातलं एक वाक्य तोंडात येईना.

उत्तर बायकोनं दिलं. माझ्या शेजारच्या पाटावरून, बापाकडे न बघता. “बसतीन. जेवतीन. जवाई हायेत ते या घरचे.”

मामाजी वाकले, खोका उचलला आणि आत गेले. मी जेवलो. पोटभर जेवलो, गरम धोंड्यावर तूप मागून घेतलं, वाढणाऱ्याला दोनदा थांबवलं. जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते मी लपवलंही नाही. बायको मात्र ताटात बोटं फिरवत होती.

हात धुऊन बाहेर आलो तर मामाजी अंगणात उभे. गळ्यात नवा कॅमेरा, चष्मा कपाळावर चढवलेला, डोक्याला दुपट्टा. वर ऊन असं की परसातली कोंबडीसुद्धा सावली सोडत नव्हती. “चला, सगळे या,” ते म्हणाले. “घरचे सगळे पायजेत.”

सगळे पायरीवर उभे राहिले. मामाजी मागे सरकत गेले, पुन्हा पुढे आले. बटण सापडेना, मग सापडलं तर पट्टा लेन्ससमोर आला. एरवी त्यांच्या वयाच्या माणसाला त्या उन्हात कोणी पाणी आणायलाही पाठवलं नसतं. पण कोणी म्हणालं नाही की बाबा, द्या इकडे. त्या घरात कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारायची कोणाला सवयच नाही. “जवाईबापू, कोपऱ्यात काहून?” त्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावूनच हाक मारली. “मधात या.”

मी मधात गेलो. ‘द्या इकडे’ असं मला म्हणता आलं असतं. दोन पावलं पुढे टाकून कॅमेरा हातात घ्यायचा, एवढंच होतं, आणि त्या सगळ्यांमध्ये तो धरता येणारा मी एकटा होतो. मी तसं म्हणालो नाही. माझ्या वेळी कोणी म्हणालं नव्हतं, हे माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. घाम त्यांच्या नाकावरून कॅमेऱ्यावर पडत होता.

संध्याकाळी साळ्यानं तो फोटो ग्रुपवर टाकला. थोडा तिरका आलाय. सासूबाई आहेत, साळा आहे, त्याची बायको आहे, माझी मुलगी आहे, मधोमध मी आहे. मामाजी नाहीत. सगळे समोर बघताहेत. बायको तेवढी मान वळवून माझ्याकडे बघतेय.