आक्का आणि रोजचा वीतभर तुकडा

"जाऊ मेली म्हणून कुणी एवढं रडतं का?"

आज अंगणात एका पाहुण्या बाईनं मला तोंडावर विचारलं.

रडतं. मी रडतेय.

आज सकाळी आक्का गेल्या. माझी थोरली जाऊ. वडवणीच्या पलीकडं आमचं गाव, तिथंच दुपारी सगळं उरकलं.

तुम्ही रोज इथं माझे शिवलेले वीतभर चौकोन बघता. लाइक करता. "ताई, डेली सिरीजची आयडिया कुठून आली?" असं विचारता. मी हसरी इमोजी टाकून मोकळी होते.

आज नीट सांगते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ऊसतोडीला गेले. बारावी झालेली, कोयता कधी धरलेला नाही. मी, माझा नवरा, आक्का आणि थोरले दीर एकाच टोळीत. कारखान्याच्या मागं माळावर पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या कोप्या. कोपी म्हणजे आमची झोपडी.

मला सातवा महिना होता.

एका दुपारी उसाच्या फडातच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचलो, पण बाळ राहिलं नाही.

मुलगी होती.

कोपीवर परत आले ती मुकी होऊन. जेवायचं सुचेना, बोलायचं सुचेना. नवरा समोर नुसता बसून राहायचा. त्याला तरी काय कळणार?

मग मुकादम दारात आला.

"कवा येणार ही कामाला?"

आक्का भाकरी थापत होत्या. तव्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

"तिचा ऊस मी तोडते. तिला कुणी काय इचारायचं न्हाई."

आणि तोडला. स्वतःचा तोडून झाला की माझा. मी बरी होईपर्यंत.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या मांडीवर दोन चिंध्या टाकल्या. एक जुन्या लुगड्याची, एक पिठाच्या पिशवीची. वर सुईदोरा.

"हे तेवढं शिव."

"कशाला?"

"कशाला न्हाई. शिव."

आक्का गोधड्या लई देखण्या शिवायच्या. पण ऊसतोडीला जाताना अख्खी गोधडी कुठं मांडणार? कोपीत पाय पसरायला जागा नसते. म्हणून त्या रोज एक वीतभर तुकडा शिवायच्या. फडात ट्रकची वाट बघत बसलं की कमरेच्या पिशवीतनं सुई बाहेर. हंगाम संपला की सगळे तुकडे जोडून एक गोधडी.

माझा पहिला तुकडा वाकडातिकडा झाला. आक्कांनी उलटसुलट करून बघितला. चांगला म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

"उद्या आणिक एक."

दुसऱ्या दिवशीचा मला इतका घाण वाटला की मी उसवायलाच बसले. त्यांनी हात धरला.

"उसवू नगं. आजचा आज ऱ्हाऊ दे. उद्याचा नीट कर."

पुढं म्हणाल्या, आता काही दिवस फक्त कडेनं आत, कडेनं आत असेच टाके घालायचे. दुसरं काही नाही.

मी वैतागले. "रोज तेच कशाला, आक्का?"

"रोज नवं करशील तर कायबी कळायचं न्हाई. तेच कर, मंग हात बोलतो."

हात कधी बोलायला लागला, सांगता येणार नाही. टाके सारखे पडायला लागले. भूक लागायला लागली. एकदा तर शिवता शिवता मी रडले, पहिल्यांदाच, पोटभर. आक्कांनी थांबवलं नाही.

मग एक दिवस कोपीच्या दारात वाळलेलं पाचट पडलेलं दिसलं. उन्हात चमकत होतं, एकावर एक तिरप्या रेघा. मला ते शिवावंसं वाटलं.

"आक्का, पिवळा हाय का?"

बाळ गेल्यापासून मी पहिल्यांदा कुणाकडं काहीतरी मागितलं होतं.

आक्का उठल्या. मग पेटी उघडली, लग्नाकार्यात नेसायचं एकुलतं एक चांगलं पातळ काढलं आणि त्याचा पिवळा काठ टरकन फाडला.

"आवं, हे काय केलंत!"

"काठ नसला म्हणून पातळ काय नागडं पडत न्हाई. शिव तू."

त्यानंतर मी नुसती पाचटंच शिवत बसले. सकाळचं पाचट, जळलेलं पाचट, बैलाच्या पायाखालचं पाचट. आज मोठमोठे लोक त्याला सिरीज म्हणतात!

गावाकडं आल्यावर तुकडे जोडायला बसलो. मी सुरुवातीचे घाण तुकडे हळूच बाजूला सारले.

आक्कांनी ते परत पुढं ओढले. "हे बी जोड. त्या दिवसाची बी तूच व्हतीस."

ती गोधडी पुढं पुण्याच्या प्रदर्शनात लागली. आक्कांना घेऊन गेलतो आम्ही. लोक भिंतीकडं बघत होते, आक्का लोकांकडं.

"हे कुणी आंथरणार न्हाई?"

"न्हाई आक्का, नुसतं बघायचं."

"ब्येस हाय. धुवायची कटकट न्हाई."

मी मेलेच हसून. तिथल्या एका मॅडमनी मला माझे गुरू कोण असं विचारलं. मी बोट दाखवलं, तर आक्का खुर्चीत बसून केळ सोलत होत्या.

आज माझं जे काही नाव आहे, चार पोरी शिकायला येतात, नवरा-मी कोयता सोडून घरी राहतो, आमची दोन लेकरं शाळेत जातात, ते सगळं या बाईमुळं. हे मी त्यांना सांगितलं होतं, याचं फार समाधान आहे. गेल्या महिन्यात दम्यानं बेजार होऊन पडल्या होत्या. मी पाय चेपत होते.

म्हटलं, "आक्का, त्या साली तुमी नसत्या तर मी जगले नसते."

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"मला बी तवा कोण व्हतं गं? दोघी मिळून जगलो."

त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते माहीत होतं. पण त्यांनीही काही गमावलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

आक्का, तुमच्या धाकट्या जावेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

सावकाश जा. आता कुणाचाच ऊस तोडायचा नाही.