आमची 'आय' डच शब्दकोशात

मला डच भाषेतले दोन शब्द अर्थासकट पाठ आहेत, आणि ते दोन्ही मी मराठी समजत होते.

माझी मुलगी मुक्ता इथं इंग्लंडात, रीडिंग गावात वाढली आणि लग्न करून गेली नेदरलँड्सला. जावयाचं नाव बास. (हसू नका. माझं हसून झालंय.) पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी भात वाढतेय, आमचे हे ताटावर हात आडवा धरून "बास, बास" म्हणतायत आणि तो बिचारा दर वेळी दचकून "येस?" करतोय! काम काय करतोस विचारलं, तर म्हणे आजच्या डच भाषेचा एक ऑनलाइन शब्दकोश आहे, त्यात काम करतो. लोक काय नवं बोलतात ते ऐकायचं, अर्थ लिहायचा, उदाहरण द्यायचं.

"म्हणजे दिवसभर लोकांची बोलणी ऐकायची?" हे मला म्हणाले. "तू तर हे कधीपासून करतेयस!"

मग तारा झाली. नात तिकडे, मी इकडे. बासची आई, म्हणजे ताराची ओमा, सायकलवरून दहा मिनिटांवर राहते. मंगळवारी आणि गुरुवारी तारा तिच्याकडे. माझ्या वाट्याला रविवार सकाळ, टॅबलेटवर, तीसुद्धा वायफायची मर्जी असेल तर. दीड वर्षाची होईस्तोवर पोरगी ओमा म्हणायला लागली, ओपा म्हणायला लागली, माझ्या मुलीला तर चक्क 'मामा' म्हणायला लागली! (डचमध्ये आईला मामा म्हणतात. अख्खं गणगोतच उलटं!) मला मात्र काहीच नाही. मी "आजी, आजी" करून घसा कोरडा करायची आणि ती माझ्याकडे हवामान सांगणाऱ्या बाईकडे बघावं तशी बघायची. खरं सांगते, फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायची. हे काही विचारायचे नाहीत.

अशाच एका रविवारी तारा उंच खुर्चीत बसलेली, गालभर लापशी, नाकाला धार. तिनं हात पुढं केला, सरळ माझ्या दिशेनं, आणि खणखणीत म्हणाली, "आय, पूस!"

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे गावात आईला आयच म्हणतात. मुक्ता मला "आई, आई" करते ते ऐकून पोरीनं उचललं असणार! नुसती हाक नाही, पुढं क्रियापदसुद्धा! मी ओढणी घेतली आणि टॅबलेटची काच खसाखसा पुसली. त्यात फोन कट झाला तो निराळा.

"अहो, ऐकलंत? तारा वाक्य बोलली! मराठी!"

"आय नव्हे, आई," हे म्हणाले. हे पुण्याचे. दीड वर्षाच्या लेकराचंही शुद्धलेखन तपासतात. पण चष्मा काढून बराच वेळ तोही पुसत बसले.

त्यानंतर दर रविवारी तारा म्हणायची "आय, पूस" आणि मी काच पुसायची. त्यासाठी वेगळं फडकंच काढून ठेवलं होतं. मुक्ता मध्येच चाचरायची, "आई, ॲक्च्युअली ना..."

"ॲक्च्युअली गेलं खड्ड्यात! लेकराचं नाक वाहतंय, ते पूस आधी."

आता एवढी गोष्ट मी पोटात ठेवणार? वॉटफर्डच्या नणंदेला सांगितली, ऑफिसातल्या डेबीला सांगितली, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितली. (तो मध्येच, स्लाउला उतरला. मला वाटतं त्याला पुढं पॅडिंग्टनला जायचं होतं.) तरी समाधान होईना. मग आठवलं, बासच्या शब्दकोशाच्या पानावर नवा शब्द सुचवायची सोय आहे. आपल्या नातीच्या तोंडात मराठी शब्द आहे, ती राहते त्या देशात, मग तिकडच्या शब्दकोशात तो नको? बासला न सांगता फॉर्म भरला. आपल्याला वशिला नको! शब्द: दोन ए आणि एक आय. अर्थ: आईची आई. मूळ: मराठी, जिल्हा सातारा. उदाहरण: आय, पूस.

चौथ्या दिवशी इंग्रजीत ईमेल. आपण सुचवलेला शब्द आमच्या शब्दकोशात आधीपासूनच आहे, आभार!

आधीपासूनच! मी खुर्चीतून उठलेच. "अहो, साताऱ्याची आय हॉलंडला पोचलीसुद्धा!"

ह्यांनी गंभीरपणे विचार केला. "वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. मिरीबरोबर शब्दही गेला असेल."

हे असं पुराव्यानिशी सिद्ध झाल्यावर मला कोण आवरणार? आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी स्वतःहून दहा मिनिटं मागून घेतली. विषय: परदेशात तिसऱ्या पिढीपर्यंत मराठी कशी टिकवावी. बोलले हो मी, छान बोलले! तरुण आईबापांना चार गोष्टी सुनावल्या. "मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून रडता? माझी नात बघा! आठवड्यातून वीस मिनिटं, तीही काचेतून, पण पोरगी वाक्य बोलते. जीव लावावा लागतो!" टाळ्या पडल्या. मग मी शेवटचा बॉम्ब टाकला, की आपला शब्द डच शब्दकोशात आहे.

प्रोजेक्टरपाशी सायली होती. इथंच जन्मलेली, गुणी मुलगी. "काकू, मी तो पान उघडू?"

"ते पान, बाळा. उघड की! सगळ्यांना दिसू दे."

पान उघडलं. मजकूर सगळा डचमध्ये. सायलीनं भाषांतराचं बटण दाबलं आणि माइकवर वाचायला लागली. "आय. म्हणजे... हातानी हळू स्ट्रोक करणं. मराठीत काय म्हणतात, काकू? कुरवाळणं? लहान बाळांना शिकवताना म्हणतात. एक्झाम्पल पण आहे. मांजराला आय कर."

तेवढ्यात मागच्या रांगेतून नाईकांनी विचारलं (हा माणूस कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नाही), "आणि पूस?"

सायलीनं टाइप केलं. मग माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं.

"पूस म्हणजे मांजर, काकू."

लोक असे हसले की शेजारच्या खोलीतला झुंबाचा क्लास थांबला! पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

मी तडक कार पार्कमध्ये गेले आणि मुक्ताला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मांजर टॅबलेटच्या मागं बसते ना, तुला दिसत नाही. ती मांजराला हात लावायला बघते."

"मग बोलली का नाहीस कार्टे?"

"तू काच पुसलीस ना, आई," मुक्ता म्हणाली. "ते बघितल्यावर मला नाही सांगता आलं."

मी तिथंच गाडीला टेकून रडले. लाज वाटून नव्हे, लाज मला मुळातच बेताची आहे. रडले ते एवढ्यासाठी की इतके रविवार ती मला हाक मारत होती असं वाटलं, आणि तिनं मला एकदाही हाक मारलेली नव्हती. मला फार आठवण येत होती तिची, आणि तिला माझी येण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

ईस्टरच्या सुट्टीत ते तिघं आले. तारा मुक्ताच्या पायाला चिकटलेली, माझ्याकडे मान वर करून बघेना. हात पसरून धावायचं नाही, असं मी मनाला बजावलं होतं. सोफ्याला टेकून खाली बसले आणि मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाली, पाऊण झाली. लेकी, येतेस का गं, असं सारखं ओठांवर येत होतं, ते गिळलं.

मग पाठीमागून पावलं वाजली. सोफ्यावर कुणीतरी धडपडत चढलं आणि माझ्या डोक्यावर एक हात आला. इवलासा, चिकट, सपाट पंजा. कपाळापासून मागं, पिकलेल्या केसांवरून एकदा, मग पुन्हा एकदा.

"आय," तारा हळूच म्हणाली. "पूस."

दारात बास उभा होता. शब्दांचाच माणूस तो, चुकीचा अर्थ त्याला सहन होईना. "नो, नो, तारा! दॅट इज नॉट पूस, दॅट इज..." मी मेथीची काडी उगारून त्याला गप्प केलं.

मराठी कशी टिकवावी यावर अख्ख्या रीडिंगला दहा मिनिटं सुनावून आलेली बाई मी. मान जराही न हलवता, जमेल तेवढ्या शुद्ध उच्चारात म्हटलं, "म्याऊ!"