एक वाजता फोन येईल

माझी धाकटी जाऊ लोकांचे कपडे शिवते. दुकान आमचं दोघींचं. ती मापं घेते, कापते, शिवते. मी काजं-बटणं करते आणि तोंड चालवते. गळ्यात सदानकदा टेप, म्हणून मी तिला टेपबाई म्हणते. चार वर्षांपूर्वी तिच्या लेकीला मधुमेह निघाला, तेव्हा पोर सात वर्षांची होती. तेव्हापासून टेपबाई कापडासारखा ताटातला घासन् घास मोजते. दिवसातून चार-पाच वेळा पोरीचं बोट टोचायचं, साखर वहीत लिहायची, मग इन्सुलिनचं इंजेक्शन. स्वतः कधी जेवलीस असं विचारलं की म्हणते, "जेवले की." मला या "जेवले की"चा भयंकर राग यायचा.

त्या दिवशी लेक शाळेच्या सहलीला निघाली, आईशिवाय पहिल्यांदाच. वर्गाच्या बाईंना सगळं शिकवून झालं होतं, साखर एकदम उतरली तर प्यायला पिशवीत गोड रसाच्या तीन बाटल्या होत्या. पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक वाजता साखर तपासून मीच फोन करीन. त्याआधी तू केलास, तर तुझा माझ्यावर विश्वास नाही असं समजेन."

"नाही करणार," टेपबाई म्हणाली.

दुकानात आल्या आल्या तिने फोन माझ्या बटणांच्या डब्यात पुरायला लावला आणि दर पाच मिनिटांनी बटण मागायला येऊ लागली. एका झग्याला तिने तीन बाह्या कापल्या. मापांच्या वहीत लिहिलं, 'छाती अडतीस, जेवणाआधी'. मला हसू आवरेना, पण तिचा चेहरा बघून हसायची सोय नव्हती.

साडेबाराच्या पुढे बँडवाला आला. मोठा ढोल वाजवणारा, भरघोस मिशांचा माणूस. त्याला गणवेशाचा कोट हवा होता. टेपबाईने छाती मोजली, पाठ मोजली. मनगटाच्या मापासाठी त्याने हात पुढे केला आणि नेमकं तेव्हाच तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. एकला पाच कमी. तिने त्याचं बोट धरलं, कापसाने पुसलं, खणात असतं ते साखर तपासायचं जादाचं मशीन काढलं आणि मी "अगं" म्हणेपर्यंत टोचलंसुद्धा. सुई नवीकोरी होती, एवढंच नशीब. तो इतका गांगरला की हात मागे घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

"एकशे चार," ती म्हणाली आणि तिने त्या मिशाळ गालावरून हात फिरवला. "शहाणं गं माझं बाळ. चल, जेवायला बस."

बँडवाल्याने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, हल्ली कोटाला रक्तही तपासतात का?"

झालं. टेपबाई आधी लालेलाल झाली आणि मग तिने शिलाई मशीनपाशी फतकल मारली ती हसत. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बँडवालाही हसायला लागला, आणि त्याचं हसणं त्याच्या ढोलाएवढं. चार वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आनंदाच्या भरात माझा धक्का लागून बटणांचा डबा सांडला.

त्यातून फोन बाहेर आला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमच्या हसण्यात ऐकू न आलेले पाच फोन येऊन गेले होते. नंबर मीच फिरवला आणि फोन टेपबाईच्या कानाला लावला.

"आई, उचलत का नव्हतीस?" पोरीचा आवाज रडवेला होता. "बरी आहेस ना? गरगरतंय का? काही खाल्लंस का?"

"तुझी साखर?"

"एकशे अठरा. इंजेक्शन घेतलं, आता जेवतेय. मी तुझं विचारतेय. सकाळपासून काय खाल्लंस?"

हा प्रश्न मी रोज विचारायचे आणि ती रोज टोलवायची. या वेळी तिला ते जमलं नाही. "काहीच नाही गं," ती म्हणाली आणि रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसायला लागली.

"काकूला फोन दे. काकू, तिला आत्ता जेवायला बसव. संपवल्याशिवाय उठू देऊ नकोस. मी दोन वाजता परत विचारणार आहे."

मी डबे उघडले. बँडवाल्याने आपलाही डबा मध्ये ठेवला. "माझी साखर चांगली आहे म्हणतात," तो म्हणाला, "मीही बसतो."

दोन वाजता फोन वाजला. टेपबाईने तो पाचव्या घंटीला उचलला, कारण तोंडात घास होता.